दुनळी बंदुकीला दुसरी नळी बसते का? आजोबांच्या खोक्यात सापडलेली जोडनळी

पूर्णाकाठ (परभणी जिल्हा)

मंडळी, सल्ला पाहिजे. घरात आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. आजोबांनंतर वडिलांच्या नावावर होती, आता परवाना माझ्या नावावर. वेबली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम. घोडे आतल्या बाजूला, म्हणजे ॲन्सन-डीली पद्धतीची, तीस इंची नळ्या. वर्षातून एकदा दसऱ्याला पुसून पूजेला मांडतो. रानडुकरं फारच मातली की वडील हवेत एखादा बार काढायचे.

आता मूळ मुद्दा. पंधरा दिवसांमागं जुन्या वाड्याच्या माळवदावरची माती उतरवली. आतल्या खोलीतलं फडताळ भिंतीपासून सुटलं आणि त्याच्या मागं एक सागवानी खोका निघाला. आत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली दुसरी नळी. म्हणजे दोन्ही नळ्या जोडलेला पूर्ण संच, पण २८ इंची. वरच्या पट्टीवर नाव तेच, वेबली अँड स्कॉट. फडकं करडीच्या तेलात भिजवलेलं होतं. ते तेल वाळून मधासारखं घट्ट झालंय, नखानं खरवडावं लागतं.

घरात पहिल्यापासून ऐकत आलोय की आजोबांच्या परवान्यावर 'दोन नळ्यांची नोंद' होती. त्यामुळं सगळ्यांना वाटतंय हीच ती दुसरी नळी. मी बंदूक उघडली, तीस इंची नळी काढली आणि ही लावून पाहिली. अंगठ्यानं थोडा जोर दिल्यावर बसली. बंदूक उघडायची वरची चावी जागेवर आली. चुलतभाऊ म्हणतोय दसऱ्याला हिच्यातून दोन बार काढू. मला धीर होत नाही. काय करावं?

बालाघाट (अंबाजोगाई)

धीर होत नाही ते बरोबर आहे. तिच्यात काडतूस घालू नका, आणि पुन्हा जोर लावून बसवूनही बघू नका. कारण सविस्तर सांगतो, कारण हा गैरसमज आपल्याकडं फार आहे.

जुन्या दुनळीचे सुटे भाग यंत्रावर एकसारखे पाडलेले नसतात. नळीच्या बुडाखाली दोन दात असतात, त्यांना लंप म्हणतात. पुढच्या दाताला अर्धगोल खाच असते. बंदूक मिटताना ती खाच बॉडीतल्या, म्हणजे खटका असतो त्या मधल्या लोखंडी भागातल्या, आडव्या खिळीवर फिरते, बिजागरी फिरावी तशी. दुसऱ्या दाताच्या खाचेत खालून पोलादी पट्टी सरकते आणि नळीला खाली धरून ठेवते. नळीचं बूड बॉडीच्या उभ्या भिंतीला सपाट टेकलं पाहिजे. या तिन्ही जागा कारागिरानं त्या एका बॉडीसाठी हातानं कानस मारून जुळवलेल्या असतात. त्याच कारखान्यातली, त्याच वर्षीची, त्याच नमुन्याची दुसरी नळी आणली तरी ती केसभर वर नाहीतर खाली राहणारच.

बार उडतो तेव्हा काडतुसाचं बूड त्या भिंतीवर आदळतं आणि त्याच क्षणी नळी पुढं जायला बघते. हा जोर खीळ, पट्टी आणि भिंत यांनी वाटून घ्यायचा असतो. एका कोपऱ्यावर टेकलेली नळी सगळा भार त्या कोपऱ्यावर टाकते. आज काही होणार नाही, पन्नास बारांनंतर बंदूक सैल पडेल. आणि भिंत व बूड यांच्यात फट जास्त असेल तर काडतुसाचं पितळी टोपण मागं फाटून गरम वायू थेट डोळ्यांवर येतो.

आता नळी तुमच्या बंदुकीची आहे का, हे ओळखायच्या खुणा.

नळी काढून उलटी करा. काडतूस शिरतं त्या बाजूला खाली दोन चपट्या जागा दिसतील. तिथं क्रमांक असतो. तोच क्रमांक बॉडीवर हवा आणि नळीखालच्या लाकडी भागाच्या लोखंडावरही हवा. कारखान्यातूनच दोन संच आले असतील तर दोन्ही नळ्यांवर एकच क्रमांक असतो, आणि दुसऱ्या संचावर बहुधा २ असा आकडा वेगळा ठोकलेला असतो. इथं एक घोळ नेहमी होतो. वरच्या पट्टीवर सोन्याच्या तारेत १ किंवा २ असेल तर तो बंदुकांच्या जोडीतला आकडा. राजेरजवाडे दोन सारख्या बंदुका एकदम मागवायचे, एक हातात आणि एक भरणाऱ्याकडे. त्या जोडीतल्या दोन बंदुकांच्या नळ्या एकमेकींना लागतीलच असं नाही.

दुसरी खूण पेटीची. दोन संचांची बंदूक आली की पेटीत दोन नळ्यांचे दोन कप्पे असतात. तुमची मूळ पेटी आहे का? आत कप्पे किती, ते बघा.

आणि एक विनंती. करडीचं तेल बंदुकीला पुन्हा लावू नका. खायला उत्तम, पण हवेत ते वाळतं आणि त्याचा डिंक होतो. आपल्या भागात करडी पिकते म्हणून जुनी माणसं हाताला येईल ते लावायची. आत खटक्यात गेलं असेल तर घोडा मधेच अडकतो.

मांजराकाठ (लातूर)

मी वकिली करतो म्हणून कायद्याची बाजू आधी बोलतो. ती आज सांभाळली नाही तर बाकीची चर्चा व्यर्थ.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत, कलम २(१)(ई), अग्निशस्त्राचे भागही येतात. नळी म्हणजे लोखंडाचा तुकडा, अशी समजूत करून घेऊ नका. किरकोळ सुट्या भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती सोबतच्या इतर भागांबरोबर वापरायचा हेतू नसेल तेव्हाच. तुमच्याकडे बंदूक चालू स्थितीत आहे आणि नळी तिला लावून पाहिलीत, म्हणजे त्या सुटीच्या भरवशावर बसू नका.

कलम ४५ मधलीच पुरातन शस्त्रांची सूट लोक मोघम सांगत फिरतात. ती कालबाह्य नमुन्याच्या किंवा पुरातन मूल्याच्या अशा शस्त्राला आहे, जे दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही. बारा बोअरचं काडतूस आजही बाजारात मिळतं, त्यामुळं आजोबांची म्हणून ती पुरातन ठरत नाही.

आता वाट काय ती सांगतो. कलम २१ प्रमाणे ज्याचा ताबा कायदेशीर नाही ते शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. नळी कुठं, कधी, कशी सापडली ते साध्या मराठीत अर्जात लिहा, फोटो जोडा, पोच घ्या. आपण होऊन गेलेल्या माणसाकडं बघायची नजर वेगळी असते. ठाण्याला आधी फोन करा, नळी घेऊन एस.टी.नं फिरू नका. आणि दुरुस्तीसाठी कुणाही लोहाराकडं, वेल्डिंगवाल्याकडं नको. अग्निशस्त्राची दुरुस्ती, फेरफार, चाचणी यांना कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. नळी कापून आखूड करायला कलम ६ आडवं येतं.

परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर हैदराबादला नेण्याचा विचारही सोडा. आपल्याकडची पिढी सवयीनं हैदराबादला जाते, पण मधे राज्याची हद्द आहे.

आजोबांच्या परवान्यावर काय लिहिलंय ते मूळ कागदावर वाचलंय का कुणी?

भोगावती (धाराशिव)

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. आमच्या मामांकडं अशीच दुसऱ्या बंदुकीची नळी होती. मिस्त्रीनं एका दिवसात बसवून दिली आणि वीस वर्षं वापरली. काही झालं नाही. कंपनी एक, नमुना एक, तर ट्रॅक्टरचा भाग जसा दुसऱ्या ट्रॅक्टरला लागतो तसं इथंही चालत असेल ना? उगाच माणसाला घाबरवून काय करायचं.

बालाघाट (अंबाजोगाई)

भोगावती, तुमच्या मामांना काही झालं नाही याचा आनंद आहे. पण मिस्त्रीनं एका दिवसात काय केलं असेल ते मला माहीत आहे, कारण अशा तीन बंदुका मी हातात घेतल्या आहेत. खाचेच्या कडेला टोच्यानं ठोके मारून लोखंड फुगवतात, नाहीतर पितळेचा पत्रा आत सारतात. त्यानं नळी आज घट्ट वाटते. ठोक्यानं फुगवलेलं लोखंड बारागणिक परत दबतं, आणि दबता दबता बॉडीतली खीळही खाऊन टाकतं. म्हणजे उसन्या नळीपायी मूळ बंदूकही जाते. पुढं मूळ नळी लावली तर तीही सैल लागते.

योग्य काम करायचं तर मिस्त्री खाचेत नवं लोखंड भरून कानस मारतो किंवा खीळच नवी, जाड बसवतो. कुठं टेकतं ते कळावं म्हणून काजळी धरून, पुन्हा पुन्हा मिटून उघडून. त्याला दिवस नव्हे, आठवडे लागतात. ट्रॅक्टरचा भाग कारखान्यात मापाच्या ठरलेल्या मर्यादेत बनतो, म्हणून बदलता येतो. अमेरिकेतल्या पार्करसारख्या बंदुकांना बॉडीच्या आकाराचे क्रमांक होते आणि ते नळीच्या दातावर ठोकलेले असत. आकार जुळला तर नळी बसवण्याजोगी, एवढाच त्याचा अर्थ. हातानं जुळवायचं काम तिथंही राहतंच.

पूर्णाकाठ, तुमच्या नळीच्या पुढच्या दाताच्या खाचेजवळ टोच्याच्या खुणा आहेत का? उजेडात तिरकं धरून बघा.

पूर्णाकाठ (परभणी जिल्हा)

सगळ्यांचे आभार. आज तीन गोष्टी केल्या.

एक, पेटी बघितली. आतली लाल बनात बरीच उडाली आहे पण कप्पे शाबूत आहेत. नळीचा कप्पा एकच, तीस इंची बसेल एवढा.

दोन, नळीची चपटी जागा केरोसीनच्या बोळ्यानं पुसली. क्रमांकाचे पहिले आकडे सारखे, शेवटचे तीन वेगळे. आणि पुढच्या दाताच्या खाचेच्या दोन्ही कडांना ठोके आहेत. बालाघाट, तुम्ही लिहिलंत तसेच. तांदळाच्या दाण्याएवढे, ओळीनं सहा एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला. आमच्या आधी कुणीतरी ही नळी या बंदुकीला किंवा आणखी कुठल्या बंदुकीला बसवायची खटपट केलेली आहे. बघून पोटात कालवलं. परवा मी अंगठ्यानं दाबून बसवली तेव्हा 'बसली' म्हणून खूश झालो होतो.

तीन, परवान्याचा जुना कागद. आजोबांचा पहिला परवाना निजामाच्या काळातला, उर्दूत. घरात कुणालाच वाचता येत नाही. गावातल्या उर्दू शाळेच्या निवृत्त गुरुजींकडं नेला. त्यांनी भिंग लावून वाचला आणि कागदावर मराठीत उतरवून दिला. तिथं शब्द आहे 'बंदूक दोनाली, एक'. दोन नळ्यांची म्हणजे दुनळी, एवढंच. आम्ही सत्तर-पंचाहत्तर वर्षं 'दोन नळ्यांची नोंद' म्हणत आलो आणि त्या एका शब्दावर आख्खी कथा उभी राहिली. १९४८ नंतर कागद मराठी-इंग्रजीत झाले तेव्हाही 'डबल बॅरल' एवढंच उतरलंय.

उद्या ठाण्यात जातोय. मांजराकाठ, अर्जाचा मसुदा तुम्हाला वेगळा पाठवतो, बघून द्या.

गोदातीर (नांदेड)

मी क्ले पिजन, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरची, नेमबाजी करतो, म्हणून मोजमापाचं थोडं लिहितो. बंदूक तपासायला जाल तेव्हा या गोष्टी विचारा.

नळीवरचे ठसे वाचायला शिका. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्यानं सुरू झालं. प्रत्येक नळी तिथं जादा दाबाचं काडतूस उडवून तपासली जाते आणि मग ठसा मिळतो. तुमच्या बंदुकीसारख्या जुन्या ठशांत हिऱ्याच्या आकारात १२ आणि त्याखाली सी दिसेल. ते काडतुसाच्या घराचं माप. शेजारी नुसता १२ किंवा १३ दिसला तर तो नळीच्या पोकळीचा. एक पौंड शिशाचे सारखे १२ गोळे केले की एका गोळ्याचा जो व्यास येतो तो १२ बोअर, ०.७२९ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. १३ म्हणजे ०.७१० इंच. बारा बोअरच्या बंदुकीवर १३ बघून काहीजण घाबरतात. पोकळी जरा अरुंद ठेवलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण ठसा १२ चा आणि आज माप ०.७४० भरत असेल, तर आतून घासून घासून ती पुढच्या पायरीला गेलीय. जुनी चाचणी तिला लागू राहत नाही.

भिंतीची जाडी हा याहून मोठा मुद्दा. बाहेरून आरशासारखी दिसणारी नळी आतून गंज काढून पातळ झालेली असू शकते. ब्रिटिश मिस्त्री साधारण २० हजारांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही खालची मर्यादा धरतात. हे डोळ्यानं कळत नाही, वेगळं मापक लागतं.

आणि काडतुसाची लांबी. हे कृपा करून सगळ्यांनी वाचा. जुन्या ब्रिटिश बंदुकांचं घर बहुतेक वेळा अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं असतं. आज खोक्यावर ७० लिहिलेली काडतुसं सर्रास मिळतात. ती त्यात शिरतात, बंदूक मिटते, म्हणून लोक समजतात चालतंय. काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यावर तोंड उघडल्यानंतरची. ७० चं तोंड ६५ च्या घरात उघडलं की ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. शंभर वर्षं जुन्या लोखंडाला हे कशाला सोसायला लावायचं?

जोडनळीचा आणखी एक धोका. काही बंदुकांना १२ बोअरसोबत २० बोअरचा संच असतो. मग घरात दोन्ही मापांची काडतुसं येतात. २० चं काडतूस १२ च्या नळीत टाकलं तर घरातून पुढं सरकून आत अडकतं. नळी रिकामी समजून मागून १२ चं घातलं आणि चाप ओढला, तर नळी हातात फुटते. २० बोअरची काडतुसं पिवळी ठेवायचा प्रघात त्यासाठीच आहे. ज्यांच्याकडे असे दोन संच असतील त्यांनी काडतुसं एका कपाटात ठेवूच नयेत.

मांजराकाठ (लातूर)

गोदातीर, हे शेवटचं आमच्या गन क्लबमध्येही कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

जुन्या काळी दोन संच का घ्यायचे, ते कुणी सांगेल का? माझ्या आजोबांच्या बोलण्यात यायचं.

बालाघाट (अंबाजोगाई)

नळी तीच वापरायची तर तिचा मारा ठरलेला असतो. नळीच्या तोंडाशी थोडी आवळ असते, तिला चोक म्हणतात. पूर्ण चोकची नळी ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे टाकते, सरळ नळी ४० टक्के. पाण्यावरच्या बदकाला लांबून मारायचं तर आवळ नळी, आणि झुडपातून भुर्रकन उठणाऱ्या तित्तिराला उघडी, आखूड नळी. म्हणून श्रीमंत माणूस ३० इंची आणि २८ इंची असे दोन संच एकाच बॉडीला करून घ्यायचा. कारागीर दोन्ही संच एकाच वेळी, एकाच खिळीवर जुळवायचा.

हे सगळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर संपलं, आणि संपलं ते चांगलंच झालं. जायकवाडीच्या पाण्यावर आज पक्षी अभयारण्य आहे. मी हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जातो. बंदुकीचं प्रेम मला तिच्या कारागिरीपायी आहे.

पूर्णाकाठ (परभणी जिल्हा)

महिनाभरानं लिहितोय. सगळं नीट सांगतो, कारण पुढं कुणाला असंच काही सापडलं तर हा धागा उपयोगी पडेल.

ठाण्यात फोन करून गेलो. अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, पंचनामा केला, नळी ताब्यात घेतली, पोच दिली. दीड तासात काम झालं. चौकशीला कुणी घरी आलं नाही. नंतर माझ्या लेखी विनंतीवरून त्यांनी ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या परवानाधारक विक्रेत्याकडं जमा ठेवायला दिली. तिथं दुरुस्तीचाही परवाना आहे. मी माझी बंदूक परवान्यासोबत तिथं घेऊन गेलो.

तिथले उस्ताद सत्तरी ओलांडलेले. हैदराबादेत काम शिकलेले, बोली पूर्ण दखनी. त्यांनी आधी माझी मूळ नळी घेतली. बुडाकडच्या दाताला दोन बोटांत लटकवली आणि उलट्या बोटाच्या पेरानं टिचकी मारली. देवळातली लहान घंटा वाजावी तसा नाद आला आणि बराच वेळ राहिला. मग खोक्यातली नळी तशीच लटकवून टिचकी मारली. खर्र्र असा आवाज, तडा गेलेल्या घागरीसारखा, लगेच विझला. दोन नळ्यांना जोडणारी पट्टी कुठंतरी डाकापासून सुटलीय, असं त्यांनी सांगितलं. आत ओल शिरते आणि दिसत नाही तिथं गंज धरतो.

मग काजळी. रॉकेलचा बिनकाचेचा दिवा पेटवला, वात मोठी केली आणि मूळ नळीचं बूड व खाच धुरावर धरून काळी केली. बॉडीत घालून मिटली, उघडली. जिथं लोखंड लोखंडाला टेकतं तिथली काजळी पुसली जाते. मूळ नळीच्या बुडावर दोन्ही बाजूंना सारखी चकचकीत जागा आली, खाचेत पूर्ण अर्धगोल स्वच्छ. मग दुसरी नळी. "काजल कां रह गया देखो साब," म्हणत त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. डाव्या नळीच्या खालच्या कडेला करंगळीच्या नखाएवढा एक ठिपका फक्त पुसला होता. बाकी सगळं काळंच. उजव्या नळीचं बूड भिंतीला टेकतच नव्हतं. फटीत पातीचं मापक घातलं तर ०.२ मिलिमीटरची पाती सहज गेली. पुढं बुडापासून वीतभर अंतरावर डाव्या नळीची भिंत ०.४ भरली. म्हणजे पट्टी पुन्हा डाकून घेतली आणि खाच नव्यानं भरली, तरी नळी चालवण्याजोगी नाही. चुलतभाऊ माझ्यासोबत होता. तो बराच वेळ ती काजळी बघत राहिला आणि मग म्हणाला, "दादा, बरं झालं आपण बार काढला नाही."

आता ज्यासाठी मी गोदातीरांचे पाय धरायला पाहिजेत ती गोष्ट. नळीचा तपास झाला, मग मी सहज म्हणालो की माझ्या बंदुकीचं घरही मोजा. ६५ निघालं. ठसाही होता, चपट्या जागेवर अडीच इंचाचा, तेलाच्या थराखाली. वडील आयुष्यभर आणि मीही दोन वर्षं ७० ची काडतुसं वापरत होतो. कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. उस्तादांनी उजव्या नळीत घराच्या पुढचा भाग टॉर्च लावून दाखवला. तिथं पोकळीत बारीक फुगीर कडी दिसते, अंगठीसारखी. बाहेरून हात फिरवला तरी लागत नाही, पण तिरक्या उजेडात सावली पडते. जाडी अजून पुरेशी आहे. त्यांनी ६५ ची काडतुसं, तीही हलक्या भरतीची वापरा म्हणून बजावलं आणि घरातली ७० ची सगळी जमा करून घेऊन परवान्यावर नोंद घातली.

खटक्यातला करडीच्या तेलाचा डिंकही त्यांनी काढला. पांढऱ्या कपड्यावर गुळाच्या काकवीसारखे डाग पडले. आता बंदूक मिटली की एकच आवाज येतो, सागवानी दार चौकटीत बसावं तसा.

मांजराकाठ (लातूर)

छान झालं. नळीचं पुढं काय करणार आहात? परवान्यावर चढवायचं असेल तर अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, विक्रेत्याच्या तपासणी अहवालासह. पण चालवण्याजोगी नसताना कशाला चढवायची, असं माझं मत.

पूर्णाकाठ (परभणी जिल्हा)

तेच ठरलंय. चढवणार नाही, जमाच राहू दे. पण एक विचार मनातून जात नाही. ही नळी आमची नाही, मग कुणाची? कुठल्यातरी बॉडीसाठी कुणीतरी हातानं जुळवलेली आहे ना. आजोबांचा राबता सेलू, जिंतूर, वसमत या भागात होता. दुरुस्तीला म्हणून कुणी ठेवून गेलं असेल, किंवा कुणाची बंदूक मोडली असेल आणि उरलेलं आजोबांनी घेतलं असेल.

कुणाच्या घरी वेबली अँड स्कॉटची बॉडी परवान्यावर असेल आणि मूळ नळी हरवलेली किंवा बदललेली असेल, तर बॉडीवरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे मला निरोपात कळवा. इथं उघड लिहू नका. जुळले तर उस्तादांकडं जमा असलेली नळी कागदोपत्री तुमच्या नावावर करायला मी सही द्यायला येईन. चालवता येणार नाही, पण तिच्या बॉडीजवळ तर राहील.

गोदातीर (नांदेड)

आमच्या वसमतच्या चुलत्यांकडं एक वेबली आहे, परवान्यावर. तिला लावलेली नळी बेल्जियमची आहे. अंडाकृती चौकटीत ईएलजी असा लिएजचा ठसा मी स्वतः पाहिलाय, आणि मिटली तरी फटीतून उजेड दिसतो. मूळ नळी 'कुणाकडं तरी दुरुस्तीला दिली होती' एवढंच ते सांगतात. रविवारी जातोय. लाकडी भाग काढून लोखंडावरचा आकडा वाचतो आणि रात्री निरोप टाकतो.